रॉनीदादाला कसं ठेवायचं

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. झालं ते असं.

"उस्ताद, रॉनीदादाला संघातून काढताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मी मैदानावरच ओरडलो. एरवी माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

आमचे हॉकीचे कोच नबीसाहेब, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, गोलच्या फाटक्या जाळीला गाठ मारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वाटलं."

"कप्तान आहे तो! मला स्टिक धरायला त्याने शिकवलं!"

"आणि आपण शेवटून पहिले आलो. संघ नव्याने बांधायचाय, मार्तंड. लीगने मर्यादा घातलीय. सगळ्यांचे पगार मिळून तिच्यावर जायचे नाहीत. एकट्या रॉनीच्या पगारात तीन पोरं बसतात."

"जळो ती मर्यादा!"

"ती नव्हती तेव्हा मोठ्या क्लबने आपला अख्खा संघ उचलून नेला. तेव्हाही एक जण असाच ओरडला होता."

"कोण?"

"मी."

...

सरावाआधी आम्ही आपापल्या स्टिका रेषेवर ओळीने ठेवतो. उस्तादांनी मला दंडाला धरून तिथे नेलं.

"ठेवू रॉनीला. चल, उचल. ज्याची स्टिक उचलशील तो घरी जाईल."

मी त्या ओळीवरून चालत गेलो. परत आलो. शेवटी माझीच उचलली. छाती फुगली होती माझी.

"झालं?" उस्ताद भडकले. "मोठा त्यागी! तुझ्या पगारात रॉनीचा एक पाय येईल. अजून दोन उचल."

मी पुन्हा ओळीकडे वळलो.

"उचल ना!"

कडेला नवी पोरं बसून बूट बांधत होती. सगळं ऐकत होती. त्यांच्याकडे बघवेना. मी स्टिक जमिनीवर आपटली आणि मैदान सोडून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉनीदादाची बॅग खांद्यावर घेऊन मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. त्याला दुसऱ्या क्लबने घेतलं होतं. उस्ताद आधीच तिथे उभे होते. मी बॅग घेऊन त्यांच्यापासून लांब उभा राहिलो.

गाडी लागली. दादा त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला मधेच धरून उभं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आमच्याशी मॅच असेल तेव्हा ह्याच्याच बाजूने घुसायचं. कळलं? अजिबात सोडायचं नाही ह्याला."