चढापुरती जोडी

एकदा एका शिष्यावर गुळाचा माल घाटापलीकडच्या पेठेत पोहोचवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच पडली. व्यापाऱ्याने बजावले होते, "परवाच्या बाजाराला गूळ पोहोचला नाही, तर पुन्हा आमच्या दारात येऊ नका." शिष्याने त्याचा धसकाच घेतला. घाट अवघड म्हणून त्याने दोन गाड्या सांगितल्या, प्रत्येकीला चार-चार बैल जुंपले, आणि त्यांच्या वैरणीनेच निम्म्या गाड्या भरल्या.

त्याच्या वृद्ध गुरूंना सारे तात्या म्हणत. त्यांच्या मालकीची ना गाडी, ना बैल. कोणाचा माल कोणी कुठवर न्यायचा, याची सांगड घालणे हेच त्यांचे काम. ते आले, वैरण उतरवली, सगळा गूळ एका गाडीत रचला, तिला दोनच बैल ठेवले आणि बाकीचे घरी धाडले.

"तात्या, दोन बैलांनी घाट चढायचा कसा?"

"सपाटीवर घाट नसतो, बाबा. चल."

वाटभर शिष्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. मुक्कामातही डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पायथ्याशी पोहोचले, तिथे ठकूबाईचा गोठा होता. चढापुरती बैलजोडी भाड्याने देणे हा तिचा धंदा. पण जोडी दुसऱ्या गाडीबरोबर वर गेलेली! शिष्य येरझाऱ्या घालू लागला.

"येतील की! जरा दम धरा," ठकूबाई म्हणाली.

अखेर तिचा गडी जोडी घेऊन उतरला. बैलांना विसावा दिल्यावर ती जोडी पुढे जुंपली आणि गड्यासोबत गाडी माथ्यावर चढली. तिथल्या वखारीत सावली मिळाली, वैरणही मिळाली. तरी शिष्य म्हणालाच, "तात्या, ही जोडी पेठेपर्यंत नेऊ या. जोखीम नको."

तात्या शांतपणे म्हणाले, "गाडीवाला चाक सांभाळतो, वखारवाला छप्पर, ठकूबाई चढ. आपल्यापाशी यातले काहीच नाही, म्हणून आपण अख्खी वाट सांभाळायची. तुझ्या भीतीपायी सहा बैल सपाटीवर विनाकारण चालले असते आणि चारा खात राहिले असते. कुरणे आधीच बोडकी झाली आहेत. आज माल पोहोचेल रे, पण पुढच्या साली बैल काय खातील?"

शिष्याने खाली पाहिले. पायथ्याशी एक गाडी उभी होती आणि तिच्याभोवती कोणीतरी येरझाऱ्या घालत होते. त्याने स्वतःच्या हाताने जोडी सोडली आणि गड्याला म्हणाला, "जा, लवकर उतर."

दुसऱ्या दिवशी बाजार भरण्याआधी गूळ पेठेत उतरला. शिष्याचा जीव मात्र आदल्या दिवशीच भांड्यात पडला होता, खालच्या गाडीला ती जोडी जुंपलेली पाहून.