‘चालतंय’ न चालणारं गाव

बेलसांगवीत लग्नाचं वऱ्हाड आलं की नव्या नवरीला दारात अडवतात. त्यात नवल ते काय, म्हणाल. नाव घेतल्याशिवाय माप ओलांडू देतंय कोण? पण पाहुणे, इथं नुसतं नाव घेऊन सुटका नाही. उखाणा झाला, टाळ्या झाल्या, की सासू उंबऱ्याच्या आतून खणखणीत आवाजात विचारते, “बाई, तुला खायला काय आवडतं? आणि काय आवडत नाही?” नवरीनं दोन्ही सांगायचं, तेही मांडवातल्या साऱ्यांना, सोबत आलेल्या माहेरच्यांनाही, ऐकू जाईल असं. कुणी पुरणपोळी म्हणते, कुणी सुकट म्हणते. मागं एकीनं सासूच्या तोंडावर सांगितलं, “शेपू नावडतो, आणि जन्मभर नावडणार!” हशा पिकला, पण तिच्या ताटात पुन्हा कुणी शेपू वाढला नाही. एक उत्तर मात्र इथं चालत नाही. “मला काहीही चालतं,” असं जी म्हणेल, तिला बाहेरच उभी ठेवतात. मग ती सावकाराची लेक असो की मामलेदाराची.

ही रीत हौसापासून पडली, असं सांगतात.

हौसा ही इथल्या बयाजीची बायको. फार जुनी गोष्ट, तेव्हा नदीला बारमाही पाणी होतं म्हणे. बयाजी खाऊनपिऊन सुखी. माणूस वाईट नव्हता, पण जिभेचे भारी लाड. भाकरी पातळ हवी, वर पापुद्रा टम्म फुगलेला हवा. वांग्यात लसूण लागला की यानं ताट सरकवलंच. त्याच्या आईच्या तोंडात दात नव्हते, तिला डाळीचं गरम घुटं आणि त्यात कुस्करलेली मऊ भाकरी लागायची. धाकट्या भावाला खर्डा असा लागायचा की कानातून धूर निघावा. आणि पोराला दुधावर साय दिसली तरी उमासे यायचे. हौसाला हे सगळं तोंडपाठ होतं. एका चुलीवर ती साऱ्यांच्या तऱ्हा सांभाळायची, आणि कपाळावर आठी म्हणून नाही.

सगळे जेवून उठले की मग ती बसायची. काठ करपलेली भाकरी, तपेल्याची खरवड, कालचं उरलेलं कोरड्यास. सासू कधी म्हणायची, “अगं, जरा चांगलंचुंगलं खा की.” त्यावर हौसाचं ठरलेलं उत्तर, “मला काय बी चालतंय, आत्याबाई. आन खरवड तर मला लई आवडती.”

बयाजीनं एकदा, एकदाच बरं का, बाजाराला निघताना विचारलं होतं, “तुला खायाला काय आणू?” ती म्हणाली, “काय बी चालतंय.” झालं! या बाबाला काय, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. त्यानं पुन्हा विचारलंच नाही. उलट पारावर बसून कौतुक सांगायचा, “बायको असावी तर आमच्या हौसासारखी. तिला काय लागतच न्हाई.” आणि ऐकणारे आपल्या बायकांना जाऊन तेच ऐकवायचे.

एका हिवाळ्यात हौसा तापानं फणफणली आणि पाहता पाहता गेली. घराची चूल विझल्यासारखी झाली. पोर साय बाजूला काढा म्हणून रडायचं, आणि ती काढणंसुद्धा कुणाला धड जमेना.

दहाव्याला सारे नदीवर जमले. भटजींनी पिंड मांडले, माणसं मागं सरली. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवला नाही म्हणजे जीव कशात तरी अडकला. बयाजीनं हात जोडून सांगितलं, “पोराला सावत्रपणा दावणार न्हाई.” कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, “वैनी, आईला मी बघीन.” तरी नाही. मग मागून कुणीतरी म्हातारी बोलली, “अरं, तिच्या आवडीचं काय ठेवलंय का पानात?”

सासूच्या पटकन ध्यानात आलं. “खरवड! खरवड लई आवडायची माझ्या सुनंला.” धावत जाऊन खरवड आणली, करपलेली भाकरी आणली, पानात ठेवली. हसू नका, पाहुणे. त्या घराला मनापासून तसंच वाटत होतं. एक कावळा खालच्या फांदीवर आला, त्यानं मान वाकडी करून पानाकडं पाहिलं आणि तोंड फिरवून बसला.

हौसाची आई माहेराहून आली होती. पदरात बांधून आणलेली गुळाची पोळी तिनं पुढं केली. “पोरीला ही आवडायची,” म्हणाली. पोळी ठेवली. कावळे ढिम्म. तेव्हा त्या माउलीनं कपाळावर हात मारून घेतला. “गूळ मागायची ती परकर नेसायची तवा. म्होरं तिला काय आवडाया लागलं, ते मला तरी कुठं ठाऊक? माहेराला आली की मीच तिला भाकरी थापाया बसवायची.” आणि ती तिथंच वाळूत बसली.

ऊन कललं. भटजी बिचारे सकाळपासून उपाशी. ते म्हणाले, “बयाजी, दर्भाचा कावळा करून शिवू. शास्त्राला मान्य आहे ते.” लोकही म्हणाले, करून टाक बाबा. पण बयाजी हटून बसला. “तिनं मला कधी ताटात खोटं वाढलं न्हाई. मी तिला गवताचा कावळा कसा दावू?”

तो आठवायला लागला. डोळे मिटून, जिवाच्या आकांतानं आठवायला लागला. हौसा चूल फुंकताना दिसली. थापताना दिसली, वाढताना दिसली, त्याचा घास तोंडात जाईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत थांबलेली दिसली. जेवताना काही दिसेना. एवढा संसार झाला, पण बायको जेवताना आपण कधी पाहिलीच नाही, हे त्याला तिथं, त्या वाळूत कळलं. आजवर वाटलेलं दुःख एक आणि हे दुसरंच.

तो पिंडापुढं जाऊन गुडघ्यांवर बसला. “हौसा,” म्हणाला, “तुला काय आवडायचं ते मला ठाऊक न्हाई. तू चालतंय म्हणालीस आन ते माझ्या सोयीचं होतं. म्हणून मी ते खरं धरलं. चुकलो म्या. आता तुला काय वाढू, मला कळंना.” मग त्यानं ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि मागं उभ्या गावाकडं वळला. “हितनं म्होरं ह्या गावात कुठल्या बी सुनेला इचारल्याबिगर उंबरा ओलांडू द्यायचा न्हाई. आन चालतंय म्हणली, तर ते ऐकायचं न्हाई. हाय का कबूल?”

पुरुष आपापली पागोटी सारखी करायला लागले. कबूल म्हणणं सोपं नव्हतं. एकदा विचारलं की मग करून घालावं लागतं. पहिल्यांदा बोलली ती हौसाची सासू. “कबूल,” म्हणाली, आणि तिलाही कुणी कधी विचारलं नव्हतं म्हणून असेल, ढसाढसा रडली. मग एकेक करत सारा गाव कबूल म्हणाला. बयाजीनं पाणी सोडलं, आणि म्हणे ते वाळूत जिरायच्या आत कावळा उतरला. खरवडीला त्यानं चोच लावली नाही. गुळाच्या पोळीलाही लावली नाही. नुसता भाताचा पिंड शिवला आणि उडून गेला. म्हणजे हौसाला काय आवडायचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही ते नाहीच. कुणी म्हणतं शेंगोळे, कुणी म्हणतं चुलीत भाजलेला कांदा. या सगळ्या मागाहून जुळवलेल्या गोष्टी, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

बयाजी पुढं स्वतः रांधायला शिकला, असं सांगतात. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. भाकरी मात्र त्याला कधी गोल जमली नाही.

आजही इथं नवरी दारात उभी राहते आणि सासू विचारते. काही पोरी चटकन बोलतात. हल्लीच्या तर पावभाजी म्हणतात, नूडल्स म्हणतात. म्हणेनात का, आवड ती आवड. पण एखादी गप्पच राहते. लाजत नसते ती, आठवत असते. वऱ्हाड उन्हात ताटकळतं, वाजंत्री थांबतात, पण आटप गं बाई, असं कुणी म्हणत नाही. आणि ती एकदाची बोलायला तोंड उघडते, तेव्हा ऐकायला गर्दीतून सगळ्यांच्या पुढं कोण येतं, ठाऊक आहे? तिची आई.