कासवाची गोष्ट आणि कोल्ह्याची मालिका

जंगल कुठले ते विचारू नका, मुलांनो. त्यात एक डोह होता आणि डोहाच्या काठी एक फार म्हातारे कासव राहत असे, एवढे कळले तरी पुरे. या कासवाजवळ एक गोष्ट होती. घडून गेलेली नव्हे, पुढे कधीतरी घडेल अशी. त्याच्या पणजीने ती रचली, आजीला सांगितली, आजीने आईला आणि आईने त्याला, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. जंगलात लिहून ठेवण्याची सोय नसते, तेव्हा साऱ्या जगात ती गोष्ट शब्दन् शब्द फक्त त्या एका कासवाच्या डोक्यात होती.

गोष्ट अशी. पुढे कधीतरी सूर्य निवत जातो. का, ते कोणालाच माहीत नसते. त्यात कोणाची चूक नसते, कोणाचा गुन्हा नसतो. गारठलेले प्राणी एका साध्या टिटवीला दुसरा सूर्य शोधायला पाठवतात. टिटवी इतक्या वेगाने उडते, की तिच्यापुरता काळच मंदावतो. तिचा एक उन्हाळा होतो न होतो, तोवर इकडे जंगलाच्या शेकडो पिढ्या सरतात. ऊबदार सूर्याची खबर घेऊन ती परत येते तेव्हा ओळखीचे कोणीही उरलेले नसते. नव्या प्राण्यांच्या अंगावर दाट केस आलेले असतात, डोळे अंधाराला सरावलेले असतात. थंडीत त्यांचे छान चाललेले असते आणि ऊब म्हटली की ते घाबरतात. "मग मी गेले कोणासाठी?" असे टिटवी विचारते, आणि सांगणारा तिथेच थांबतो.

दरवर्षी थंडी सुरू झाली की एका संध्याकाळी कासव ही गोष्ट सांगे. टिटवी उडत असते त्या जागी ते बराच वेळ गप्प बसे, कारण पणजीने तिथे शब्दच ठेवले नव्हते; ऐकणाऱ्यांनी तेवढा वेळ नुसते आभाळाकडे बघायचे. गोष्ट संपली की घरी पोचेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचे नाही, अशी जंगलाची रीत होती. पण अलीकडे ऐकणारे कमी होत चालले होते. मागच्या खेपेला तर एक बहिरा बेडूक आणि वाट चुकलेली एक मुंगी एवढेच आले. आपल्यामागे या टिटवीचे काय होणार, ही एकच काळजी कासवाला आतून पोखरत होती.

मग बाकीचे जात कुठे? कोल्ह्याकडे! डोहापलीकडे एक उभा पांढरा कातळ होता. कोल्ह्याने त्याच्यासमोर हजारो काजवे बसवले होते आणि त्यांच्या उजेडात रोज संध्याकाळी प्राण्यांच्या मालिका होत. तुमच्या घरी भिंतीवर टीव्ही असतो ना, तसा तो जंगलाचा टीव्ही. मध्येच मधमाश्या येत आणि आपल्या मधाची जाहिरात करून जात. आता कोल्हा म्हटला की लबाड, असे तुम्ही आजवर ऐकत आला असाल. हा तसा नव्हता, आणि मला वाईट वाटते ते त्याचेच.

एके दिवशी तो कासवाकडे आला आणि अदबीने बसला. "आजोबा," तो म्हणाला, "लहानपणी तुमची टिटवी ऐकली आणि दोन दिवस मला घास गोड लागला नव्हता. ती कातळावर आणायची, एवढी एकच माझी इच्छा आहे."

"अरे बाबा, ती ऐकायची गोष्ट आहे," कासव म्हणाले. "त्यात दाखवण्यासारखे आहे काय?"

"ते माझ्यावर सोडा. पण तुमच्यानंतर ती सांगणार कोण, ते सांगा बघू."

कोल्ह्याने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. शेवटी कासव म्हणाले, "दोन गोष्टी कबूल कर. टिटवी साधी राहिली पाहिजे. आणि शेवटाला हात लावायचा नाही."

"तुमच्या पाठीची शपथ!" कोल्हा म्हणाला, आणि ती त्याने अगदी मनापासून घेतली होती.

पहिल्या भागाला सारे जंगल लोटले. कासवाला पुढची जागा मिळाली. काजवे उजळले आणि टिटवीच्या भूमिकेत, मुलांनो, मोर आला! कासव उठायला लागले तशी मालिका लिहिणारी मैना घाईघाईने त्याच्याजवळ आली. "आजोबा, खरी टिटवी उभी करून बघितली हो. कातळावर ती दिसतच नाही. आणि मधमाश्या म्हणाल्या, मोर असेल तरच जाहिरात देऊ." पिसारा काही साधा नव्हता, आणि मोराला झाडापलीकडे काही उडता येत नव्हते. तरी टाळ्या पडल्या. कासवाने मनाची समजूत घातली, की पिसाऱ्याखाली का होईना, आपली टिटवी आहे.

पुढे सूर्य निवू लागला. "का निवतो ते कोणालाच माहीत नाही, असे कसे चालेल?" मैना म्हणाली. "प्रेक्षकांना राग काढायला कोणीतरी लागते." म्हणून एक वटवाघूळ आणले आणि त्याने सूर्याची ऊब चोरून गुहेत लपवली. मग टिटवी निघायची, तर तिचे लग्न ठरले. हळद झाली, मांडव सजला, माकडीण सासू झाली आणि रुसून बसली. लग्न आटोपेपर्यंत थंडी सरून झाडांना पालवी फुटली, तरी टिटवी घरातच. उड्डाण आले ते एका संध्याकाळी, आणि पणजीने जिथे शब्द ठेवले नव्हते तिथे कोकिळेने गाणे म्हटले.

"तिथे गप्प बसायचे असते रे," कासव काकुळतीने म्हणाले.

"बसून बघितले ना," कोल्हा म्हणाला. "निम्मे प्रेक्षक पाणी प्यायला उठले, ते परत आलेच नाहीत. उद्यापासून बघा तुम्ही. आता खरी गोष्ट सुरू होते."

या 'उद्या'ने कासवाचा घात केला. रोज संध्याकाळी ते पाय ओढत कातळाकडे जाई आणि रोज मान खाली घालून परत येई. न जावे, तर चुकून त्याच दिवशी खरी टिटवी दिसायची आणि आपण नसायचो, असे त्याला वाटे. वाटेत जो तो त्याला वाकून नमस्कार करी. "काय गोष्ट आहे हो आजोबा तुमची! ती सासू म्हणजे अगदी आमच्या घरातली!" कासवाला मेल्याहून मेल्यासारखे होई. ही माझी नव्हे, असे ते सांगू लागले, की लोक हसत आणि म्हणत, आजोबा फार विनयशील आहेत.

टिटवी परत यायची वेळ आली तेव्हा मात्र ते हट्टाने कोल्ह्यासमोर जाऊन बसले. "आता सगळे मेलेले हवेत," ते म्हणाले. "सासू, नवरा, शेजारी, सगळे. नाहीतर काळ सरला हे कळायचे कसे? सगळी गोष्ट तेवढ्यासाठीच आहे रे!"

कोल्ह्याने डोके धरले. त्यालाही वाईट वाटत होते, ते त्याच्या तोंडावर दिसत होते. "आजोबा, माकडीण मेली तर प्रेक्षक मला जिवंत ठेवणार नाहीत. रोज तिच्यासाठी केळी येतात. काळबिळ कोणाला कळत नाही हो. ती कळते."

तेव्हा टिटवी परतली, आणि सगळे जागच्या जागी होते. सासूने तिला ओवाळले. वटवाघूळ रडले, त्याने ऊब परत दिली आणि सूर्य पुन्हा तापला. कोणासाठी गेले, हे तिने विचारले नाही. विचारायचे कारणच उरले नव्हते. मग ती तिसऱ्या सूर्याकडे जायला निघाली, कारण मधमाश्यांनी पुढच्या वर्षाचाही मध कबूल केला होता. त्या दिवशी घरी येऊन कासव रडले. अंग आत ओढून रडल्यामुळे कोणाला ते ऐकू गेले नाही.

पुन्हा थंडी सुरू झाली. एके दिवशी एक साळू डोहाकाठी आली आणि दबकत म्हणाली, "आजोबा, माझी आई म्हणायची, तुमची गोष्ट ऐकून ती वाटभर बोलली नव्हती. मालिका बघून तर आम्ही सगळे बडबडतच घरी जातो. मूळची गोष्ट वेगळी होती का? मला सांगाल?"

कासवाचे डोळे भरून आले. एक का होईना, ऐकणारी आली होती! ही ऐकेल, आपल्या पिलांना सांगेल, आणि टिटवी वाचेल. ते सावरून बसले आणि त्याने सुरुवात केली. "पुढे कधीतरी सूर्य निवत जातो. का, तर एका वटवाघळाने..."

ते थबकले. "नाही, नाही. थांब हं." त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. प्राण्यांनी एका साध्या टिटवीला पाठवले, असे ते म्हणाले, आणि डोळ्यांपुढे पिसारा उभा राहिला. ती कशी दिसायची, हे त्याला काही केल्या आठवेना. उड्डाणाशी ते गप्प बसले, तर कानात कोकिळेचे गाणे वाजू लागले. परतलेल्या टिटवीला कोण भेटले, हे आठवायला त्याने सगळा जीव पणाला लावला, पण आरतीचे तबक घेऊन माकडीणच पुढे येत राहिली. पणजीचे, आजीचे, आईचे शब्द शोधत ते आपल्याच डोक्यात इकडून तिकडे फिरत होते आणि प्रत्येक ठिकाणी काजव्यांचा उजेड पडलेला होता.

साळू मन लावून ऐकत होती. कासव थांबले तसा तिने नमस्कार केला. "छान होती, आजोबा," ती म्हणाली. "मालिकेसारखीच आहे की!"

तात्पर्य : गोष्ट जगावी म्हणून तिचे मर्म सोडून देऊ नये. गोष्ट मेली तर निदान तिची आठवण उरते. बदलली तर तीही उरत नाही.