मापाच्या जागी साप

गेल्या मार्गशीर्षात, नेवाशाच्या ग्रंथालयात, निवृत्त संस्कृत शिक्षिका विमलबाई ढोकणे यांच्या तोंडून ही कथा मी ऐकली. त्यांनी सांगितली त्याच क्रमाने देतो.

एकदा एका गावी एक वृद्ध कवी होते. त्यांच्यापाशी एक शिष्य काव्य शिकत असे. धनाने माणूस कसा बिघडतो, यावर शिष्याने कविता रचली. धनलोभाला त्याने धान्याच्या मापाची उपमा दिली होती: तळाशी मेण थापलेले, म्हणून थोड्याच धान्याने भरलेले दिसणारे. गुरूंना ती पसंत पडली. गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे कविसभा भरणार होती. तिथे ती म्हणण्याची त्यांनी परवानगी दिली. शिष्याची ती पहिलीच सभा.

सभेत म्हणायची रचना यजमानाला आदल्या दिवशी ऐकवावी, असा तिथला रिवाज. शेटजींनी मन लावून ऐकली, वाहवा केली, शिष्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हसत एवढेच सुचवले, की मापाच्या जागी साप घाला, कविराज. वृत्तही मोडत नाही. शिष्याने ओळ बदलली.

हे कळताच गुरूंनी कपाळाला हात लावला आणि सर्पदंशावर उपचार करणाऱ्या वैद्यांना बोलावणे धाडले. वैद्यांनी शिष्याचे हातपाय तपासले, जीभ पाहिली.

"ह्याला काहीही चावलेलं नाही," ते वैतागून म्हणाले. "भर दुपारी थट्टा करता काय, गुरुजी?"

गुरू शिष्याकडे वळले. "मग ओळ बदलताना तुला काय जाणवलं रे?"

शिष्य खाली पाहत म्हणाला, "ऊब."

"किती वर्षं तुम्हा पोरांचे साप ऐकू मी?" गुरू म्हणाले. "साप ज्याला त्याला शेजाऱ्याच्या घरात दिसतो, म्हणून शेटजी त्याला टाळी देतात. माप मात्र त्यांच्या स्वतःच्या हातात असतं. धन फणा काढून आलं असतं, तर तू पळाला असतास. ते तुझ्याकडे कसं आलं, तेवढंच लिही."

सभेत शिष्याने माप म्हटले. त्यापुढे एक नवी ओळ होती: शाल खांद्यावर आली आणि मान आपणहून खाली गेली. मग शालीची घडी करून त्याने ती यजमानापुढे ठेवली.

शेटजी जागेवरून उठले, इथवर विमलबाईंना ठाऊक होते. ते दाद द्यायला उठले की निघून जायला, याची खात्री मला कुठेही करून घेता आली नाही.