घूसबाईचे गुलाबी दाणे

पेठेत नुसता चेहरा बघून माल ठेवून घेत, त्या काळची गोष्ट सांगतो. बांधाखाली उंदरांचं सामाईक कोठार होतं. नवीन कुणी धान्य ठेवायला आलं, की त्यानं आपल्याच पोत्यातला एक दाणा दारात खाऊन दाखवायचा, असा तिथला नियम. दारावर चिचुंद्रीमावशी बसे.

एका दुष्काळी सकाळी घूसबाई भलंमोठं पोतं ओढत आली. दाणे गुलाबी होते. विष चोळलेलं बियाणं असंच दिसतं, हे मावशीनं ऐकलं होतं.

"कुठून आणलंत?"

"माहेरचं आहे गं." घूसबाई गोड हसली. आम्ही व्यापारी असल्या हसण्याला फार भुलतो.

"मग एक दाणा खा."

"आत्ताच जेवले बाई!"

मावशी दारात आडवी उभी राहिली. आत भुकेली पिल्लं चिंचिं करत होती. "पोतं आत जाणार नाही," ती म्हणाली.

मुखिया उंदीर धावत आला. "एवढं मोठं गिऱ्हाईक घालवतेस? उद्यापासून दारावर दुसरं कुणी बसेल!" मग तो घूसबाईकडे वळला. "राग मानू नका. तुमच्या वतीनं मीच खातो की!"

त्यानं दाणा ओठांपर्यंत नेला. घूसबाईनं अडवलं नाही. ती जरा मागे सरकली आणि टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मुखियाचा हात तिथंच थांबला.

"मावशी," तो पुटपुटला, "आधी पिल्लांना दारापासून लांब ने. मग दार लाव."