बोट न दाखवलेला भोपळा

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता. राजा शूर, पण भारी थट्टेखोर. एकदा स्वारी निघाली असता धूम्राक्ष मांत्रिकाच्या परसात त्याला वेलीवर कोवळा भोपळा दिसला. राजाने त्याला बोट दाखवले आणि हसून म्हटले, "पाहा मांत्रिकाचे वैभव!" कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हे पोरासोरांनाही ठाऊक, पण राजाला सांगणार कोण? भोपळा तिथल्या तिथे सडला. मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली. अंबारीत राजा उरला नाही, उरली भोपळ्याची एक बी.

राणी सुवर्णरेखा मांत्रिकाच्या दारी गेली. "माझा राजा मला परत द्या."

"ही बी हिमदेशात लाव. तिच्या फळातली वाळूच्या देशात, त्या फळातली पावसाच्या देशात. तिसरे फळ पिकले की राजा तुझा. मात्र त्याला बोट दाखवलेस, तर तो कायमचा गेला."

राणीने बी पदराला बांधली, बोलकी साळुंकी खांद्यावर घेतली आणि ती निघाली.

हिमदेशात उन्हाळा आला म्हणेपर्यंत संपे. राणीने चुलीशेजारी मडक्यात रोप वाढवले आणि बर्फ वितळताच अंगणात लावले. फळ पिकले. ते चिरताच आतून राजाचा आवाज आला, "रेखा, जेवलीस का?" एवढेच. राणी किती वेळ ती फोड कानाशी धरून बसली. पुन्हा काही ऐकू आले नाही.

वाळूच्या देशात तिने मुळाशी पाण्याचे मडके पुरले, वर झावळ्यांची सावली केली. त्या फळात राजाचे उपरणे निघाले, अंगाची ऊब तशीच असलेले. राणीने ते पांघरले आणि ती पोटभर रडली. आठवण निवण्याऐवजी वाढलीच.

पावसाच्या देशात मांडवभर फुले फुलली. पण झडीत मधमाशी फिरकेना. इवली फळे पिवळी पडून गळू लागली.

साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, मधमाशीचे काम आता आपण करावे."

मग पहाटे राणीने लांब देठाचे फूल खुडले आणि ज्या फुलाच्या बुडाशी फळ होते, त्याला हलकेच टेकवले. एक भोपळा धरला. राणीने त्याच्याखाली वाळके गवत पसरले. रोज ती त्याच्याशी बोले, अगदी महालातल्या मांजराच्या खोड्यासुद्धा सांगे.

भोपळा पिकायला आला, तेव्हा कुंपणाशी एक भिजलेला म्हातारा थांबला. "बाई, एवढे कष्ट कोणासाठी?"

"माझ्या धन्यासाठी."

"कुठे आहे तो?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलेच नव्हते. 'तो बघा, तो माझा,' असे एकदा तरी कोणाला सांगावे म्हणून राणीचा जीव आसुसला होता. हात आपोआप उठला, बोट सरळ होऊ लागले. पाने थरथरली. राणीने बोट मिटले आणि मूठ छातीशी आवळली.

"आहे," ती कशीबशी म्हणाली. "इथेच आहे."

म्हाताऱ्याचा धूम्राक्ष झाला. "पिकू दे," एवढे बोलून तो निघून गेला.

भोपळा पिकला, उकलला आणि राजा बाहेर आला. केस पांढरे, अंग वाळलेले. परतताना त्याने आधी मांत्रिकाच्या परसात स्वतःच्या हातांनी आळे केले, त्यात त्या भोपळ्याची बी लावली आणि हात जोडले. मांत्रिकाने त्याला वेलीला घालायला पाण्याचा तांब्या दिला.

राजवाड्याच्या दारी पहारेकऱ्याने त्याला ओळखले नाही. "राणीसाहेब, महाराज कुठे आहेत?"

राणीचा हात उठला. बोट मात्र आपोआप वाकले. "हे काय," ती म्हणाली, "माझ्या शेजारी."

तेव्हापासून त्या राज्यात आपले माणूस कोणाला दाखवायचे झाले, तर बोट वाकवूनच दाखवतात.