लांब दात, आखूड दात

“मेमे, लांब दात लावू का आखूड?”

हणमंत पोळ गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात गुडघे टेकून बसला होता. समोर स्नो-स्कूटर कुशीवर पाडलेली. शेजारी तिला मागून ढकलणारे रबराचे दोन पट्टे. एकाला बोटभर लांब दात, दुसऱ्याला नखाएवढे.

मेमे तोंडुप उन्हात बसून माळ ओढत होते. स्पितीत मेमे म्हणजे आजोबा. या म्हाताऱ्या लामांना सारं गाव मेमेच म्हणे. हणमंत कराडहून गोम्पाचा जनरेटर दुरुस्त करायला आला, त्यांना गुरू मानून बसला आणि परत जायचं विसरला. मेमेंनी त्याला अजून पाणी भरण्यापलीकडे काही शिकवलं नव्हतं.

पण गाडीच्या बाबतीत त्याला गुरूची गरज वाटत नसे. वरच्या विरळ हवेला जुळेल असं इंजिन त्यानंच लावून घेतलं होतं, पुढच्या घसरपट्ट्या रुंद केल्या होत्या, नको ते लोखंड काढून फेकलं होतं. अशी गाडी उभ्या हिमालयात नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गावातली यांगचेन पहिलटकरीण. बाळ पोटात आडवं होतं. कळा सुरू व्हायच्या आत, म्हणजे उद्या दुपारपर्यंत, ती खिंडीपलीकडच्या दवाखान्यात पोचली तर दोन्ही जीव वाचतील, असं आरोग्यसेविकेनं स्पष्ट सांगितलं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. पलीकडे रुग्णवाहिका थांबणार होती. तिथवर न्यायचं काम हणमंतचं.

“लांब लावले तर?” मेमेंनी विचारलं.

“खालची वाट दगडागत कडक. मोकळा बर्फ नसला की पट्टा तापतो, आतलं प्लॅस्टिक वितळतं, गाडी जागेवर बसते. मागं एकदा झालंच की.”

“मग आखूड लाव.”

“मग खिंडीखालच्या खोलगटात बुडते. छातीभर भुसभुशीत बर्फ आहे तिथं. आखूड दात नुसते खड्डा खणत बसतात.”

“मग लांब लाव.”

“मेमे! थट्टा करताय व्हय? पट्टा बदलायला अर्धा दिस जातो. वाटेत बदलता येत न्हाई. काय तरी एक सांगा.”

मेमे उठले. आखूड दातांचा पट्टा उचलून त्यांनी हणमंतच्या मांडीवर ठेवला. मग काठी घेतली आणि फाटकाबाहेर पडले. गावातल्या एकेका दारावर काठी आपटल्याचा आवाज येत राहिला.

हणमंतचा नुसता संताप झाला. गुरूचा शब्द मोडवेना आणि पटेना. मनातल्या मनात शिव्या घालत त्यानं आखूड दात चढवले. शेवटचा नट आवळून मान वर केली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

वर खोलगटात माणसं होती.

सगळं गाव होतं. खांद्याला खांदा लावून, रांगेमागे रांग, गाणं म्हणत बर्फ तुडवत होतं. म्हाताऱ्या होत्या, पुरुष होते, बायका होत्या. यांगचेनचा सासरा फुटक्या आवाजात गात होता. सगळ्यांच्या पुढे मेमे, कमरेइतक्या बर्फात.

हणमंतला हसावं की रडावं कळेना. हातातला पाना टाकून तो धावत सुटला आणि शेवटच्या रांगेत घुसला. आपण वर्षभर गाडी बदलत बसलो, बर्फ बदलायचं डोक्यातच आलं नाही, या विचारानं त्याचे कान तापले.

अंधारायच्या आत खिंडीच्या माथ्यापर्यंत खाटेएवढी रुंद वाट तयार झाली.

“आत्ताच काढतो गाडी!” हणमंत खाली पळत सुटणार, तोच मेमेंनी काठी आडवी धरली.

“वाट झोपली आहे.”

“मेमे, तिकडं बाईच्या जिवाशी गाठ आहे!”

“पाय ठेवून बघ.”

त्यानं तुडवलेल्या वाटेवर पाय दिला. पाय भसकन गुडघ्यापर्यंत आत गेला.

“चल, चहा घेऊ,” मेमे म्हणाले.

सकाळी त्याच जागी हणमंतनं टाच आपटली. टणक आवाज आला. रात्रभरच्या थंडीनं भुशाचा दगड केला होता.

गोधड्यांत गुंडाळलेली यांगचेन गाडीमागे जोडलेल्या घसरगाडीवर, शेजारी आरोग्यसेविका. खालची कडक वाट गाडीनं सहज मागे टाकली. खोलगटाच्या तोंडाशी हणमंतनं वेग थोडा कमी केला. पण आखूड दातांनी वाट पकडली ती पकडलीच. गाडी एकदाही रुतली नाही, एकदाही घसरली नाही. खोलगट संपला, चढ संपला, माथा आला! खालून सगळ्या गावानं एकच आरोळी ठोकली. हणमंतनंही गळा फाडून ओरडून घेतलं. मागून यांगचेन म्हणाली, “दादा, ओरडू नका, चालवा.”

पलीकडे रुग्णवाहिका उभी होती.

दुपारी दवाखान्यातून वायरलेसवर निरोप आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. गोम्पात ढोल वाजला आणि बराच वेळ थांबलाच नाही.

हणमंत परतला तेव्हा गोम्पाच्या मोठ्या खोलीत सारं गाव शेगडीभोवती बसलं होतं. आदल्या दिवशीच्या तुडवणीनं कुणाची बोटं सुजली होती, कुणाच्या टाचा फुटल्या होत्या. सगळ्यांनी पाय शेगडीकडे पसरले होते. त्याला बघताच टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या गळ्यात मानाचा पांढरा शेला, खाताक, घातला.

त्याचे डोळे भरून आले. तो गर्दीतून वाट काढत थेट मेमेंपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि कराडच्या रीतीप्रमाणे पायांवर डोकं ठेवायला वाकला.

मेमेंनी पाय घोंगडीखाली ओढून घेतले.

“…मेमे?”

“खोलीत एवढे पाय आहेत,” मेमे म्हणाले. “माझ्यापासून का सुरुवात करतोस?”